बिननावाच्या मुठी

१

सुलक्षणा नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला कधी समजलं नाही, आणि त्यात आईची काही चूक नाही. जळगावच्या एका लहानशा संस्थेत ती नोकरीला होती. परदेशात शर्ट-पँट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हल्ली धाकधूक असते, की आपल्या मालातला कापूस कुणाला कोंडून, धमकावून राबवलेल्या हातांतून तर आला नाही ना. कंपन्या संस्थेला सांगत, संस्था सुलक्षणाला सांगे, आणि सुलक्षणा खानदेशातल्या जिनिंगा, म्हणजे कापसातून बी वेगळी काढणारे कारखाने, पालथे घाली. मजुरांची आधार कार्डं मजुरांजवळच आहेत की मालकाच्या कपाटात. राहायच्या खोल्यांना कडी आतून आहे की बाहेरून. बाजाराच्या दिवशी बायकांना एकटं गावात जाऊ देतात का. असलं सगळं बघायचं, विचारायचं आणि परत येऊन संगणकावर हिरवी, पिवळी नाहीतर लाल खूण करायची. लाल खूण करायची वेळ क्वचित येई, कारण विचारलं की सगळे मजूर एकच सांगत. सगळं चांगलं आहे.

"म्हणजे तू पोलीस नाही," आई म्हणाली होती. "मंग ते तुले खरं काहून सांगतीन?"

त्यासाठी सुलक्षणाकडे कार्ड होतं. प्रत्येक मजुराच्या हातात ती आपलं एक कार्ड ठेवायची. त्यावर तिचा फोन नंबर. कुणी बाहेर जाऊ देत नसेल, मारत असेल, घरी सोडत नसेल, तर फोन कर. मजूर कार्ड घेत, उलटंपालटं करत आणि कुठेतरी खोचून टाकत. त्या कार्डाचं पुढे काय होतं याचा विचार सुलक्षणाने फारसा केला नव्हता.

सोनगीरच्या पुढे, महामार्ग सोडून आत गेलं की प्रेमराजभाऊंची जिनिंग लागते. तिथे गेल्या हिवाळ्यात एका मुलीने कार्ड घेऊन तिच्याकडे नीट बघितलं होतं. दिपमाला तिचं नाव. पिंपळनेरकडची, विशीच्या आतबाहेरची. भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू बसून पांढरे झालेले, आणि उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला.

"फोन कया तं तुम्ही खरंच येशात का?" तिने विचारलं होतं.

"येईन," सुलक्षणा म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार.

२

दिपमालाचा फोन आला नाही. आला तो तिच्या आईचा, भिकुबाईचा, कुणाच्या तरी मोबाइलवरून. लेकीने हंगामात कधीतरी घरी नंबर कळवून ठेवला होता. मुकादमाने नेलेल्या बाकीच्या पोरी होळीला परतल्या. दिपमाला मागे राहिली. जिनिंगवाले म्हणतात ती उन्हाळ्यातच गेली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेकसुद्धा माहेरी येते, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ही तर लग्नाचीही नव्हती.

"आखाजीले बी उनी नही, ताई," भिकुबाई म्हणाली.

श्रावणात जिनिंगा बंद असतात. तरी बंद काळातली एक पाहणी नियमात बसते, आणि ती बहुतेक वेळा मालकाने पाठवलेल्या फोटोंवर उरकते. यंदा सुलक्षणाने फोटो मागवले नाहीत. शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन स्वतःच निघाली. साहेबांना तिने सांगितलं की रस्त्यात आहे तर डोकावून येते. सोनगीर जळगावच्या रस्त्यात कसं काय येतं, हे साहेबांनी विचारलं नाही.

प्रेमराजभाऊंचं घर जिनिंगच्या फाटकालाच लागून होतं. नवं, चकचकीत, दारापुढे मोठा ओटा. भाऊ शेतात गेले होते, चाव्या त्यांचा मुलगा हितेंद्र आणणार होता, तोवर बसा, असं भाऊंनी फोनवर सांगितलं होतं. ओट्यावर भाऊंची आई कमलबाई गहू निवडत बसली होती. तिला सगळं गाव अक्का म्हणे. गोरीपान, हसरी, दातांची थोडी उणीव असलेली बाई. सुलक्षणाला तिने हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, आईवडिलांची चौकशी केली. अशा बाईच्या घराबद्दल वाईट विचार मनात आणणंही अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी कानबाई, खानदेशची देवी, बसणार होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि आदल्या दिवशी तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोड पोळ्यांचे, गहू काढतात. ते शेरा-पायलीने मोजत नाहीत. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ टोपल्यात टाकायची. गेलेल्या माणसाची मूठ नसते. लग्न होऊन गेलेल्या लेकीची नसते, तिची सासरी पडते. जेवढी माणसं तेवढ्याच मुठी, आणि झालेले रोट त्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही. सुलक्षणाच्या घरीही असंच होतं. चौतिशीपर्यंत लग्न न केल्याचा एवढाच फायदा, की आईच्या टोपल्यात अजून तिची मूठ पडायची.

अक्काने मुठी टाकायला सुरुवात केली. प्रेमराज. प्रेमराजची बायको. हितेंद्र. त्याची बायको. धाकटी नात. स्वतःची. मग आता झालं, म्हणून सुलक्षणा पायात चपला सरकवायला लागली.

अक्का थांबली नाही. मूठ सुपात जात होती, टोपल्यावर येत होती, उघडत होती. आता नाव मात्र ती घेत नव्हती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गव्हाचा सर्र असा आवाज होई, थांबे, पुन्हा होई. टोपलं अर्धं भरलं, त्याच्या वर गेलं. सुलक्षणाने आधी मुठी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. भाऊबंद शहरात असतील, असं तिने मनाला सांगितलं. पण भाऊबंदांचे गहू त्यांच्या घरी निघतात, हे तिच्या मनालाही ठाऊक होतं.

"अक्का, एवढी माणसं कुठे आहेत घरात?"

अक्काने वर बघितलं आणि गोड हसली.

"घरनाच शेतस बठ्ठा," ती म्हणाली, सगळी घरचीच. "आपलं मीठ खातस ते आपलाच."

मग सुपातला हात तसाच ठेवून तिने विचारलं, "तुन्हं नाव काय वं, माय?"

सुलक्षणाने नाव सांगितलं. अक्काने ते एकदा हळू म्हणून बघितलं. तेवढ्यात हितेंद्र चाव्या घेऊन आला आणि सुलक्षणा उठली. मागे पुन्हा सर्र असा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही.

३

हितेंद्र बोलका होता. ताई इकडे, ताई जपून, असं करत त्याने तिला सगळं फिरवलं. जिनिंगची यंत्रं ताडपत्रीखाली झाकलेली. गाठी बांधायचा प्रेस थंड. मजुरांच्या खोल्या एका रांगेत, धुऊन पुसून फिनेलचा वास मारत असलेल्या. सुलक्षणाने सवयीने दारं पाहिली. बाहेरून भक्कम कडी. आतल्या बाजूला कडीच्या जागी स्क्रूची भोकं होती, आणि ती पांढऱ्या पुट्टीने नीट बुजवून वरून रंग दिलेला होता. हिवाळ्यात तिथे कड्या होत्या. तिने स्वतः फोटो काढले होते.

हितेंद्र म्हणाला की कड्या गंजल्या होत्या, दसऱ्याला नव्या लावू. ठीक आहे, गंजतात कड्या.

शेवटी सरकीचं गोदाम. कापसातून वेगळी काढलेली बी, म्हणजे सरकी, तिथे ठेवतात. लोखंडी दार, त्याच्या तिन्ही कडा चिकणमातीने लिंपलेल्या आणि मधोमध लाल कवटीचं चित्र. किडीसाठी विषारी गोळ्या ठेवल्यात, आत गॅस आहे, सोमवारी दुपारी उघडेल, तोवर कुणी फिरकायचं नाही, असं हितेंद्र म्हणाला आणि स्वतः चार पावलं लांबच थांबला. गोदामाच्या पाठीला लागून पत्र्याचं एक उंच शेड दिसत होतं. ते कुणाचं म्हणून तिने विचारलं. आपलं नाही, म्हणाला.

सुलक्षणा दारापाशी उभी राहिली. तिला काही ऐकू आलं नाही, उलट जे ऐकू यायला हवं तेही येत नव्हतं. फाटकापाशी पोपट कलकलत होते, लांब महामार्गावर ट्रक होते. या दारापाशी आलं की ते सगळं कानात कापसाचा बोळा घातल्यासारखं होई. तिने खाली पाहिलं. दाराच्या खालची फट लिंपायची राहिली होती आणि उंबऱ्यावर रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू जमले होते. ते तंतू फटीतून हळूच आत ओढले गेले. थांबले. मग हळूच बाहेर आले. पुन्हा आत गेले.

वारा नव्हता. ओढणी तिच्या खांद्यावर स्थिर होती. तिने विचार केला की आत उष्णता असेल, हवा तापते, फुगते, निवते. हवेचं हे असं होत असेल. पण एवढ्या सावकाश, एवढ्या नेमाने? आत विष असेल तर आत कुणी जिवंत असू शकत नाही. आत कुणी जिवंत असेल तर आत विष नाही, आणि मग कवटी कशाला. दोन्हींपैकी कोणता विचार बरा, हे तिला ठरवता येईना.

"दिपमाला," ती दबक्या आवाजात म्हणाली.

तंतू आत गेले आणि आतच राहिले. कुणी श्वास रोखून धरावा तसे. हितेंद्रने लांबून हाक मारली, चला ताई, चहा झालाय, आणि तिचे पाय आपोआप मागे वळले.

४

सोनगीरला भांड्यांच्या दुकानांपुढे गाडी उभी करून तिने धुळ्याच्या कचेरीत फोन लावला. कोंडलेल्या मजुरांची तक्रार जिथे करायची तो नंबर तिच्याकडे होता. तोताराम नावाचे अधिकारी फोनवर आले. शांत, समजूतदार आवाज. ते ऐकत गेले. बेपत्ता मुलगी, बुजवलेली भोकं, लिंपलेलं दार. हूं, हूं करत त्यांनी विचारलं, प्रत्यक्ष कुणी पाहिलं का. सुलक्षणाने तंतूंचं सांगितलं नाही, वेड्यात काढतील म्हणून. तिने मुठींचं सांगितलं.

मुंबई-पुण्याच्या माणसाला मुठींचं सांगून काही कळलं नसतं. या माणसाला एका वाक्यात कळलं.

"किती टाकल्या?" त्यांनी विचारलं.

"टोपलंभर, साहेब."

"अस्सं," तोताराम म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले की आपण जाऊ, नक्की जाऊ, पोलीस घेऊन जाऊ. फक्त उद्या रविवार, घरोघरी कानबाई. ड्रायव्हर नाही, शिपाई नाही, पंच कुठून आणायचे. सोमवारी विसर्जन झालं की लगेच निघू. त्यांच्याही घरी रोट होते.

सुलक्षणाने आग्रह धरायला हवा होता. आत्ता, या क्षणी, मी इथे दाराशी बसते, तुम्ही या, असं म्हणायला हवं होतं. पण कानबाईच्या दिवशी कुणाला घराबाहेर काढायचं, हे तिच्या जिभेवरच येईना. शिवाय तिलाही घरी पोचायचं होतं. आई वाट बघत असणार. सोमवार ठीक आहे, असं ती म्हणाली आणि त्या क्षणी तिला आपलं म्हणणं अगदी वाजवी वाटलं. रोटांच्या दिवशी कुणी कुणाला काय करणार आहे, असंही वाटलं.

५

घरी आईने गहू काढून ठेवले होते. मूठ टाकायला तेवढी ती सुलक्षणासाठी थांबली होती. वडिलांची, स्वतःची, भावाची, भावजयीची, आणि मग लाडाने जरा भरगच्च अशी सुलक्षणाची. टोपल्याचा तळही झाकला नाही. सुलक्षणा त्या उघड्या तळाकडे बघत राहिली.

रविवारी दुपारी, पुरणाच्या वासाने घर भरलेलं असताना, भिकुबाईचा फोन आला. आवाजात आज रडं नव्हतं. काहीतरी व्यवहाराचं विचारायचं असावं तसा आवाज होता. कालच गहू काढायचे होते, पण तिने आज सकाळपर्यंत तसेच ठेवले होते. शेजारणी म्हणतात टाक, जाऊबाई म्हणते नको. नसलेल्या माणसाची मूठ टाकली तर घराला दोष लागतो. असलेल्या माणसाची टाकली नाही तर ते माणूस तुटतं.

"ताई, दिपमालानी मूठ टाकू का नको टाकू?"

सुलक्षणाला लिंपलेलं दार दिसलं. उंबऱ्यावरचे तंतू दिसले, आत गेलेले आणि परत न आलेले.

"टाका, मावशी," ती म्हणाली. "उद्या मी आणते तिला."

फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भिकुबाईने मूठ टाकली असणार आणि त्या बिननावाच्या मुठींत अक्कानेही तिची टाकली असणार. एकच पोर, दोन टोपल्यांत. कुणाची मूठ लागू होते, हे कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. दोन टोपल्यांत नाव असलेलं माणूस तिने आजवर ऐकलंही नव्हतं.

६

सोमवारी दुपारी दोन गाड्या जिनिंगच्या फाटकात शिरल्या. तोताराम स्वतः आले होते, सोबत पोलीस, पंच, कॅमेरावाला. प्रेमराजभाऊंनी हात जोडून स्वागत केलं. कपाळाला विसर्जनाचा गुलाल तसाच होता. ते ना चिडले, ना घाबरले. गोदामाच्या दाराची चिकणमाती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली आणि दार ओढलं.

आत छताला टेकलेला सरकीचा ढीग होता. माणूस कुणीच नव्हतं. जमीन ओली, नुकतीच धुतलेली. औषधाचा वास मात्र अजिबात नव्हता. बंद खोलीत पुष्कळ माणसं रात्रभर झोपून उठली की जो कोंदट, आंबूस वास येतो, तो होता.

सुलक्षणा ढिगाजवळ गेली. ढिगाच्या पायथ्याशी सरकीत खळगे पडले होते. एकाशेजारी एक, पार भिंतीपर्यंत. कुणी पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसावं एवढे. तिने एका खळग्यात हात घातला. सरकी कोमट होती.

"साहेब, हे बघा, हे अजून गरम आहे."

तोतारामांनीही हात लावून पाहिला. सरकी तापते, म्हणाले, ओली सरकी तर पेटतेसुद्धा. आणि खरंच आहे, तापते. सुलक्षणालाही ते माहीत होतं. पंचनामा लिहायला सगळे ओट्याकडे गेले. तिने आत थोडं थांबते म्हणून सांगितलं.

अक्का मागून आली तेव्हा पावलांचा आवाज झाला नाही. कमरेवर रोटांचं टोपलं, त्यावर ओलं फडकं. तिने फडक्याखालून एक रोट काढला, मोडला आणि तुकडा सुलक्षणाच्या हातावर ठेवला. कानबाईचा प्रसाद हातावर पडला की नाही म्हणायचं नसतं, हे सुलक्षणा पाळण्यात असल्यापासून शिकलेली. डोक्याने काही विचार करायच्या आत हात तोंडाकडे गेला होता. गोड, जाड, तुपाचा. तिने गिळला आणि मग तिला आठवलं की हा बाहेरच्याला देत नाहीत.

"अक्का, मी काही तुमच्या घरची नाही."

"खाई ले," अक्का मायेने म्हणाली. "तुन्ही बी मूठ टाकेल शे." शनिवारी नाव विचारल्यावर मागे झालेला सर्र असा आवाज सुलक्षणाला आठवला.

मग ती टोपलं घेऊन ढिगाच्या बाजूने, भिंत आणि सरकी यांच्यामधल्या बोळकांडीत शिरली. सुलक्षणा तिच्या मागे गेली. तिथे उजेड कमी होता. मागच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, दोन विटा काढलेल्या होत्या. अक्का त्यापुढे फतकल घालून बसली आणि देवापुढे नैवेद्य ठेवावा तसा एक रोट त्या भोकाच्या कडेवर ठेवला. रोट आत गेला. तिने दुसरा ठेवला. तोही गेला. ओढल्याचा आवाज नव्हता, घाई नव्हती, भांडण नव्हतं. मधून मधून रुईचे तंतू भोकातून बाहेर येत आणि परत आत जात.

टोपलं संपल्यावर अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. बठ्ठासले पुरना, सगळ्यांना पुरले, असं समाधानाने म्हणाली आणि निघून गेली.

सुलक्षणा खाली बसली. भोकात काळोख होता. तिने दिपमालाचं नाव घेतलं. मग तिने आपला हात कडेवर ठेवला, रोट ठेवत होते तिथे.

आतून एक हात आला. बोटांपासून कोपरापर्यंत रुईने पांढरा, इतका की कातडी दिसत नव्हती. फक्त मनगटावर रुई झडलेली होती आणि तिथे विंचू होता. सुलक्षणाने ते मनगट धरलं. ते थंडही नव्हतं, गरमही नव्हतं. तिने ओढायचा प्रयत्न केला नाही, नंतर कितीदा आठवून पाहिलं तरी का केला नाही ते तिला सांगता आलं नाही. त्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवली, समजूत काढावी तशी. मग तिच्या तळव्यावर काहीतरी ठेवलं, तिची मूठ मिटवली आणि हात आत गेला.

ती ओरडत ओट्याकडे धावली. सगळे आले. तोतारामांनी वाकून भोकात बॅटरी मारली. पलीकडे पत्र्याचं शेड होतं, काळोख होता, बाकी काही दिसत नव्हतं. हे शेड दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याला वेगळा आदेश लागेल, असं ते म्हणाले. तिने दार फोडा म्हटलं. ते म्हणाले, ताई, कायद्याने जाऊ. ते उठून उभे राहिले तेव्हा अक्काने राखून ठेवलेला एक रोट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि खाल्ला. न बिचकता, मोडून, सावकाश, वर्षानुवर्षं याच घरचा रोट खात आल्यासारखा. ते या घरच्या भाऊबंदांपैकी होते, आणि तिच्या शनिवारच्या फोनची खबर इथे आधीच पोचली होती. प्रेमराजभाऊ का घाबरले नव्हते आणि गोदामाची जमीन ओली का होती, ते सुलक्षणाला आत्ता कळलं. ते कळून आता काही उपयोग नव्हता.

गाडीत बसल्यावर तिने मूठ उघडली. आत तिचं कार्ड होतं. हाताळून हाताळून कापडासारखं मऊ झालेलं, कडा विरलेल्या, नंबर बोटांनी पुसून गेलेला.

७

आदेश आला तेव्हा दिवाळी झाली होती. शेडमध्ये कांद्याच्या गोण्या निघाल्या. सुलक्षणाने वरपर्यंत लिहिलं, दुसऱ्या कचेरीत गेली, परदेशातल्या कंपनीलाही कळवलं. त्यांनी काळजी व्यक्त केली, पुरावा मागितला, आणि पुढच्या हंगामात कापूस त्याच जिनिंगमधून गेला. संगणकावरची तिची लाल खूण कुणीतरी हिरवी केली. खोल्यांना नव्या कड्या बसल्या. आतून.

भिकुबाई दर बाजाराला फोन करायची. सुलक्षणा उचलायची, शोध चालू आहे म्हणायची. तो चालू होताही. पुढे भिकुबाईच तिची समजूत घालायला लागली, ताई, जेवत जा.

मग श्रावण आला. शनिवारी आई गहू घेऊन बसली आणि सुलक्षणा समोर बसली. वडिलांची मूठ पडली. आईची. भावाची. भावजयीची. आईने हात झटकले आणि सूप बाजूला ठेवलं.

"आई, माझी?"

आईने तिच्याकडे जरा चकित होऊन बघितलं. "टाकली ना," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.

सुलक्षणाने डोळ्यांनी पाहिलं होतं. टाकली नव्हती. वय झालंय, विसरली, असं तिने मनाला सांगितलं. सूप तिथेच होतं, स्वतःही टाकता आली असती. तिने सुपात हात घातला. मूठ भरली, पण ती कुठल्या टोपल्यावर धरायची तेच कळेना. सोनगीरच्या पुढे, एका ओट्यावर, आत्ता या वेळी, एक हसरी म्हातारी ओठ हलवत बसली असेल. तिच्या टोपल्यात नाव घेऊन पडलेल्या मुठी थोड्याच असतील. तोंडात तुपाची गोड चव आली, वर्षभर जुनी.

फोन वाजला. भिकुबाई होती. यंदा तिने गहू वेळेवर काढले होते. घरच्यांच्या मुठी झाल्या होत्या, सूप अजून मांडीवर होतं, आणि प्रश्न तोच होता.

सुलक्षणाने उंबऱ्याकडे बघितलं. आईने सकाळीच तो झाडला होता. तरी तिथे रुईचे दोन-चार तंतू होते, आणि ते हलत होते.

"टाका, मावशी," ती म्हणाली. "दोन टाका. एक माझ्या नावाने."